वेस्ट व ब्यूलर यांचा व्यवस्थासंग्रह : कायदेग्रंथांतील दप्तरी आधारांची परीक्षा

अस्सल कागद हातीं आला म्हणजे इतिहाससंशोधक प्रथम त्याचें ठिकाण विचारतो. कायदेपंडित त्यांतील नियम शोधतो. या दोन दृष्टींचा एकाच ग्रंथांत मेळ घालण्याचा मुंबई इलाख्यांतील एक मोठा प्रयत्न म्हणजे रेमंड वेस्ट व योहान गेओर्ग ब्यूलर यांचा हिंदु कायद्याचा संग्रह होय. त्याचा वारशाविषयींचा भाग १८६७ सालीं व वांटणीविषयींचा १८६९ सालीं प्रसिद्ध झाला. तिसरी आवृत्ति १८८४ सालीं निघाली. वकीलवर्गानें हा ग्रंथ आपल्या गरजेपुरता पारखून घेतला. दप्तराच्या कसोटीस तो कितपत उतरतो, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ग्रंथाचें मूळ असें. मुंबई सरकारच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाच्या सव्विसाव्या कलमानें निकालाचा क्रम ठरविला : आधीं कायदे व रेग्युलेशनें, तीं नसतील तेथें ज्या मुलखांत दावा उत्पन्न झाला त्या मुलखाचा रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचें धर्मशास्त्र. हें शास्त्र सांगण्यास अदालतींत शास्त्री नेमलेले असत. न्यायाधीशानें प्रश्न लिहावा, शास्त्र्यानें साधार उत्तर द्यावें, असा परिपाठ होता. १८६४ च्या कायद्यानें हीं पदें उठलीं. उत्तरें मात्र अदालतींच्या कागदांत राहिलीं. त्यांतून संपादकांनीं हा संग्रह सिद्ध केला. प्रत्येक प्रश्नोत्तराशीं अदालतीचें ठिकाण व तारीख दिली आहे; पुढें शास्त्र्यानें दाखविलेला ग्रंथाधार, आणि जरूर तेथें संपादकांचा शेरा. या ठिकाणांत अहमदनगर, म्हणजे सांप्रतचें अहिल्यानगर, वारंवार येतें.

ही पद्धति स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. ब्यूलर हे एल्फिन्स्टन कॉलेजांतील अध्यापक व हस्तलिखितांचे नामांकित संग्राहक. आधाराचें ठिकाण सांगितल्यावांचून आधार सांगूं नये, ही पोथ्यांच्या व्यवहारांतली शिस्त त्यांनीं कायद्याच्या ग्रंथांत आणली. मुलखाचा रिवाज निर्णायक मानणाऱ्या इलाख्यांत उत्तर नगरचें कीं सुरतेचें, हें सांगणें केवळ शोभेचें नव्हतें.

परंतु हा पत्ता अर्ध्यावर थांबतो. ठिकाण व तारीख मिळते. शास्त्र्याचें नांव, पक्षकार, दाव्याचा नंबर, यांपैकीं कांहीं मिळत नाहीं. यामुळें वाचकास छापील पानावरून मूळ कागदापर्यंत जातां येत नाहीं. शिवाय मजकूर इंग्रजींत उतरविलेला आहे. नगरच्या कचेरीचा व्यवहार मराठींत चाले. ‘भाऊबंद’ असा शब्द मुळांत असला तर तो जवळचा दायाद कीं दूरचा, हें प्रसंगावरून ठरवावें लागतें. इंग्रजींत एक शब्द घातला कीं प्रश्नच मिटतो, आणि तो बरोबर मिटला कीं नाहीं हें पाहण्यास मूळ शब्द पुढें नसतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. उत्तराखालीं नगरचें नांव असतें, पण आधार मिताक्षरेचा किंवा व्यवहारमयूखाचा असतो. अशा उत्तरानें नगरच्या शास्त्र्यानें शास्त्र कसें लाविलें एवढेंच सिद्ध होतें. नगरच्या मुलखांत लोक तसें वागत होते हें सिद्ध होत नाहीं. रिवाजाचा स्पष्ट पुरावा असल्यास तो लिखित वचनाहून बलवत्तर, असें प्रिव्ही कौन्सिलानें १८६८ सालीं मदुरेच्या कलेक्टराच्या खटल्यांत ठरविल्यावर हा भेद जिव्हाळ्याचा झाला. आर्थर स्टील यांनीं १८२७ सालीं दक्षिणेंतील जातींच्या चालीरीती चौकशी करून लिहिल्या. त्या ग्रंथाचें वजन निराळें आणि या संग्रहाचें निराळें. दोन्ही एकाच ओळींत ‘प्रमाण’ म्हणून लिहिणें म्हणजे साक्ष आणि मत यांची गल्लत करणें होय. यांत जिल्ह्याच्या सीमेचीही भर घालावी. नाशिक जिल्हा १८६९ सालीं निराळा होईपर्यंत तिकडील पुष्कळसा मुलूख नगर जिल्ह्यांत मोडे. तेव्हां जुन्या कागदांतील ‘नगर जिल्हा’ म्हणजे आजचा जिल्हा, असें धरून चालतां येत नाहीं.

उलटपक्षीं आपल्याकडील जुने महजर पाहावे. गोतसभेंत कोण बसले, कोणाची निशाणी झाली, पाटलानें नांगर कोठें काढला, मिती कोणती, हें सर्व कागदावरच असतें. निर्णयाबरोबर निर्णय करणारेही पुढें येतात. वि. त्रिं. गुणे यांनीं १६०० ते १८१८ या काळच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपला १९५३ चा प्रबंध अशा महजर-निवाडपत्रांवर उभारला, याचें महत्त्व येथेंच आहे.

वेस्ट व ब्यूलर यांना न्यायाधीशांच्या हातीं द्यावयास नियम हवे होते, दप्तर छापावयाचें नव्हतें, हा आक्षेप रास्त आहे. परंतु १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें या ग्रंथांतील वारशाच्या नियमांचें बहुतेक बळ नाहींसें केलें. नियम गेला, कागद राहिला. आज त्या उत्तरांचें जें मोल आहे तें मुख्यत्वें ऐतिहासिक पुराव्याचें. आणि त्या मोलास जें अवश्य, तेंच त्या वेळीं निरुपयोगी म्हणून गळालें.

ही गोष्ट मागल्या शतकापुरती नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ९२ व्या कलमांत, तीस वर्षांचा कागद योग्य ताब्यांतून आला तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरें धरण्याची मुभा न्यायालयास आहे. मजकूर खरा धरण्याची नव्हे. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त राज्यभर कुणबी नोंदींचा शोध झाला, तेव्हां मोडी वाचणारांची गरज सर्वांच्या ध्यानीं आली. एका शब्दाच्या वाचनावर एका कुळाचा हक्क लोंबकळत असतां ‘जुन्या दप्तरांत असें आहे’ एवढें म्हणून भागत नाहीं. दप्तर कोणतें व रुमाल कोणता. कागद अस्सल कीं नक्कल. मूळ मिती काय, शक कीं सुहूर सन. आणि वादाचे शब्द मुळांत कसे आहेत, या चार गोष्टी ज्या अवतरणांत नाहींत तें अवतरण नव्हे, ऐकीव गोष्ट होय.

संग्राहकांसही यांत एक कर्तव्य आहे. नेवासें, संगमनेर, श्रीगोंदें, जामखेड या बाजूंच्या घराण्यांतील रुमाल सोडतांना कागद कोणाच्या घरून, कोणत्या गठ्ठ्यांतून आला याची नोंद प्रथम करावी. ती नसली म्हणजे उत्तम कागदही ‘योग्य ताब्या’स मुकतो. अशा रुमालांत अदालतीच्या शास्त्र्याचें एकादें मराठी व्यवस्थापत्र सांपडल्यास तें मूळ शब्दांसह प्रसिद्ध करून संग्रहांतील इंग्रजी उत्तराशेजारीं ठेवावें. वेस्ट व ब्यूलर यांनीं अर्धवट सोडलेला पत्ता पुरा करण्याचा तोच खरा मार्ग आहे.