आलेखांमागचे कान

घरी स्पीकर बांधणाऱ्या हौशी मंडळींत एक जुना वाद आहे. एका पक्षाचे म्हणणे, ऐकायचे शेवटी कानांनी, तेव्हा निवाडाही कानांनीच द्यावा. दुसऱ्याचे म्हणणे, कान फसतात. माइकने काढलेला आलेख सरळ आला की काम झाले. पूर्वी प्रयोगशाळेतच असणारी साधने आता घरच्या लॅपटॉपवर आली, तरी दोन्ही पक्ष जागचे हललेले नाहीत. मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. ज्या मोजमापांना आज आपण प्रमाण मानतो ती अनेकांनी वर्षानुवर्षे शिस्तीने ऐकल्यावर ठरली आहेत. मोजमाप झिडकारणारा त्या सगळ्यांचे ऐकणे झिडकारतो, आणि आलेखापाशी थांबणारा तो कशासाठी काढायचा हेच विसरतो.

आधी सिद्धान्ताचे पाहू. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना १९२५ साली जी रचना मांडली, ती चुंबकीय क्षेत्रात हलणारी कॉइल आणि तिला जोडलेला कोन, आजही बहुतेक स्पीकरांत आहे. पेटीचे गणित मात्र बराच काळ अंदाजाने चालले. पेटी किती लिटरची करायची, पोर्ट किती लांब ठेवायचा, हे करून पाहूनच ठरे. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली पोर्टवाली पेटी हा एक फिल्टरच आहे असे धरून तिचे गणित मांडले. तो निबंध ऑस्ट्रेलियातल्याच नियतकालिकात छापला गेल्यामुळे जगाच्या नजरेत यायला दहा वर्षे लागली. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने तो पुन्हा छापला. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेले. वूफरच्या माहितीपत्रकात एफएस (अनुनादाची कंपनसंख्या), क्यूटीएस (तो अनुनाद किती आवरलेला आहे याचे माप), व्हीएएस (कोनाच्या लवचिकतेशी बरोबरी करणारे हवेचे आकारमान) असे जे आकडे असतात ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात.

या गणिताची ताकद एका उदाहरणात दिसते. समजा वूफरचा मोकळ्या हवेतला अनुनाद ४० हर्ट्झ आहे, क्यूटीएस ०.३८ आणि व्हीएएस ३० लिटर. तो १२ लिटरच्या बंद पेटीत बसवला की एकूण क्यू ०.७१ च्या आसपास येतो आणि अनुनाद ७५ हर्ट्झवर चढतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेचे मूळ कंपन साधारण ६९ हर्ट्झचे. ते या पेटीतून जवळजवळ चार डेसिबलने उतरलेले येणार, हे प्लायवूडला करवत लावण्याआधीच कळते. महागडी केबल किंवा भारी ॲम्प्लिफायर लावून त्यात फरक पडत नाही. कानांवर कितीही भरवसा असला तरी हे गणित टाळून कोणाची सुटका नाही.

गणिताची वाट अवघड होते ती क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटपाशी. पाठ्यपुस्तकातले सूत्र ड्रायव्हरला आठ ओहमचा साधा रेझिस्टर समजते. खऱ्या वूफरचा इम्पीडन्स अनुनादापाशी कैक पटींनी चढतो, खाली येतो आणि वरच्या कंपनसंख्यांकडे पुन्हा वाढतो. ट्वीटर आणि वूफर यांची ध्वनिकेंद्रे एका पातळीत नसतात. पुढच्या फळीच्या रुंदीचाही हिशेब असतो: २० सेंटिमीटर रुंद फळी असेल तर साधारण ५७५ हर्ट्झच्या आगेमागे आवाज मागच्या बाजूलाही पसरू लागतो आणि खालच्या स्वरांत समोरचा जोर सहा डेसिबलपर्यंत घटतो. त्यामुळे पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा तयार क्रॉसओव्हर हाती लागलेल्या कोणत्याही दोन ड्रायव्हरांना जुळेल ही आशा धरण्यात अर्थ नाही. ड्रायव्हर स्वतःच्या पेटीत बसवून मोजायचे आणि त्या मोजणीवर क्रॉसओव्हर बेतायचा, हाच रस्ता आहे.

हा रस्ता आता सर्वांना खुला झाला आहे, ही या कलेच्या आजच्या स्थितीतली सर्वांत आनंदाची गोष्ट. यूएसबीला जोडता येणारा कॅलिब्रेटेड माइक, रूम ईक्यू विझार्डसारखा मोफत प्रोग्राम, व्हिट्युइक्सकॅडसारखे क्रॉसओव्हर बेतण्याचे साधन, एवढ्यावर घरबसल्या जे काम होते त्यासाठी पूर्वी मोठ्या कंपनीची प्रयोगशाळा लागे. पण साधन आले म्हणून समज आपोआप येत नाही. स्पीकर आणि माइक जमिनीपासून १.२ मीटरवर आणि एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले, तर जमिनीवरून उसळून येणारा आवाज सुमारे साडेचार मिलिसेकंद उशिरा माइकवर पोचतो. तो वगळायचा म्हणजे मोजणी तेवढ्यातच थांबवायची, आणि मग साधारण २२० हर्ट्झच्या खालच्या भागाबद्दल तो आलेख विश्वासाने काही सांगू शकत नाही. त्या भागासाठी माइक कोनाच्या अगदी जवळ नेऊन मोजायची पद्धत डॉन कील यांनी १९७४ मध्येच मांडून ठेवली आहे. तरीही खोलीतले सगळे पडसाद मिसळलेला, वर भरपूर स्मूदिंग करून गुळगुळीत केलेला आलेख पुरावा म्हणून मिरवला जातो. असा आलेख पाहून कानवाले मोजमापावरचा विश्वास गमावतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

या वादातले नेहमीचे वाक्य म्हणजे ‘आलेख सरळ आहे, पण आवाज बोचतो’. मोजणारे याला भ्रम म्हणून उडवतात, ऐकणारे याला मोजमापाचा पराभव म्हणतात. खरे तर बहुतेक वेळा मोजणी अर्धवट झालेली असते. साडेसहा इंची वूफरचा कोन सुमारे १३ सेंटिमीटरचा. २६०० हर्ट्झच्या आसपास तरंगलांबी तेवढीच होते आणि आवाज बाजूंना पसरायच्या ऐवजी समोरच एकवटतो. तिथेच एक इंची ट्वीटर कामाला लागतो, आणि त्याचा आवाज मात्र चहूकडे पसरतो. समोरून मोजले तर रेघ सरळ. तिरक्या कोनातून मोजले तर आधी खड्डा, मग उंचवटा. खोलीच्या भिंती तो उंचवटा श्रोत्याकडे परत पाठवतात. कानाला बोचले ते खरेच होते. उपाय म्हणजे माइक बाजूला सरकवून पुन्हा मोजणे आणि क्रॉसओव्हर खाली आणणे किंवा ट्वीटरला वेव्हगाइड देणे.

समोरच्या एका रेघेवर थांबू नका, हे ज्यांनी पटवून दिले ते फ्लॉइड टूल. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये त्यांनी श्रोत्यांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवले आणि तेच स्पीकर अनेक कोनांतून मोजले. १९८५-८६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी पुष्कळांचे गैरसमज दूर केले. ज्यांची श्रवणशक्ती साधारण शाबूत आहे अशा श्रोत्यांची पसंती आश्चर्य वाटावे इतकी जुळत होती. जे आवडले ते स्पीकर मोजणीतही सारखेच वागत होते: समोरचा आलेख सपाट, बाजूंचा आलेख त्याच्याच वळणाने हळूहळू उतरणारा, आणि मध्ये अनुनादाचे उंचवटे नाहीत. आज दर दहा अंशांना मोजून जे आलेख काढले जातात त्यांच्या मुळाशी या श्रोत्यांचे कान आहेत. शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या मोजणीवरून श्रोत्यांची पसंती सांगणारे सूत्र मांडले, आणि त्याचा प्रत्यक्ष पसंतीशी ०.८६ इतका सहसंबंध आला. ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून हा विषय सोडून देणाऱ्यांनी या आकड्याला उत्तर दिले पाहिजे.

आणि कानांचे काय? टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना तेच चार स्पीकर एकदा न दाखवता आणि एकदा समोर दिसत असताना ऐकवले. समोर दिसताच मोठ्या आणि महागड्या स्पीकरांचे गुण वाढले, लहान आणि स्वस्त स्पीकरांचे घटले. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात पडणारा खरा फरक श्रोत्यांना कमी जाणवू लागला. हे श्रोते त्याच व्यवसायातल्या कंपनीचे कर्मचारी होते. स्वतःच्या हाताने कापलेली, घासलेली, पॉलिश केलेली पेटी समोर ठेवून आपण देतो तो निकाल यापेक्षा निर्मळ असेल असे मानायला कोणताही आधार नाही. आजच्या हौशी स्पीकर-बांधणीचा सर्वांत कच्चा दुवा मोजमाप नाही, ऐकणे आहे. मोजायची साधने सुधारली, ऐकायची पद्धत तशीच राहिली.

याचा अर्थ आकड्यांनी सगळे सांगितले असा नव्हे. ऑलिव्ह यांच्या सूत्रात सुमारे तीस टक्के वजन खर्जाच्या व्याप्तीला आहे, आणि खर्ज खोलीच्या हातात असतो. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झला पहिला अनुनाद उभा राहतो. तो प्रत्येकाच्या घरात वेगळा. फळीच्या रुंदीमुळे घटलेले सहा डेसिबल पूर्ण भरून काढायचे की तीन-चारवर थांबायचे, हे स्पीकर भिंतीला लागून राहणार की मोकळ्यावर, यावर ठरते, आणि इथे कानच कामाला येतात. शिवाय त्या चाचण्या मुख्यतः पाश्चात्त्य संगीतावर झाल्या. आपल्याकडच्या श्रोत्याने त्यात आपली भर घालावी. टूल-ऑलिव्ह यांनी दाखवले आहे की पसरट अनुनाद सतत चालणाऱ्या भरगच्च आवाजात सहज उघडे पडतात, आणि तानपुरा म्हणजे तसाच आवाज. तार जिथे छेडू तिथे ज्या स्वरांशांना जागाच नसायला हवी तेही घोडीवरच्या जवारीमुळे ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवले होते. चांगल्या ध्वनिमुद्रणातला तानपुरा एका स्पीकरवर पाच मिनिटे ऐकला की मध्यसप्तकातला डाग लपत नाही.

जवारीचेच उदाहरण देऊन कानवाले म्हणतात, मिरजेचा कारागीर माइक न लावता जवारी काढतो, मग आम्ही का लावावा? याचे उत्तर स्पष्ट आहे. वाद्याला स्वतःचा आवाज असतो आणि तो घडवणे हेच कारागिराचे काम. स्पीकरला स्वतःचा आवाज असता कामा नये. एका तानपुऱ्याला शोभणारी छटा स्पीकरने दिली, तर ती प्रत्येक गळ्यावर आणि प्रत्येक डग्ग्यावर चढेल.

दोन्ही बाजू एका माणसात नांदू शकतात याचा उत्तम दाखला म्हणजे सीगफ्रीड लिंकविट्झ. ह्युलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाची उपकरणे घडवणाऱ्या या अभियंत्याचे आणि त्यांचे सहकारी रस रायली यांचे नाव आज ज्या क्रॉसओव्हरला आहे, त्यावरचा निबंध त्यांनी १९७६ मध्ये लिहिला. पुढे २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ते उघड्या फळीचे स्पीकर घडवत राहिले आणि त्यांचे आराखडे हौशी लोकांना देत राहिले. त्यांची कसोटी होती ध्वनिवर्धकाशिवाय ऐकलेल्या मैफलीची आठवण. ऐकून शंका आली की ते मोजत, आणि मोजून आलेला बदल पुन्हा ऐकत. बीबीसीच्या अभियंत्यांनी एलएस३/५एसारखे स्पीकर घडवले तेव्हा त्यांच्यापाशीही हीच सोय होती: शेजारच्या स्टुडिओत जिवंत आवाज, इकडे स्पीकर.

तेव्हा पुढचा स्पीकर बांधणाऱ्यांना एवढेच सांगणे. तिरक्या कोनांतूनही मोजा. तुलना करताना दोन्ही स्पीकरांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा, कारण किंचित मोठा आवाज सहसा चांगला वाटतो. प्रत्येक जोडीतला एकच स्पीकर वाजवा. दोष एकट्यात लवकर कळतात. मध्ये पडदा लावा आणि कोणता वाजतो आहे हे घरातल्या दुसऱ्या कोणाला ठरवू द्या. मत आधी कागदावर लिहा, आलेख नंतर उघडा. आणि तो स्पीकर इतरांना दाखवाल तेव्हा आलेखाबरोबर तो कागदही दाखवा.