मेनियर व्याधीवरील शस्त्रक्रिया : एक चिकित्सक परामर्श

प्रास्ताविक :
वारंवार येणारी तीव्र चक्कर, कर्णनाद, कानात दडे बसणे आणि घटत जाणारी श्रवणशक्ती ही मेनियर व्याधीची प्रमुख लक्षणे होत. अशा चकरेचे मूळ अंतर्कर्णात असू शकते, हे प्रॉस्पर मेनियर यांनी १८६१ मध्ये पॅरिस येथे मांडले. औषधे व पथ्य यांनी आराम न पडल्यास काही रुग्णांबाबत शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिची उपयुक्तता कोणत्या निकषावर ठरवावी, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शस्त्रक्रियांचे स्वरूप :
या शस्त्रक्रिया स्थूलमानाने दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात अंतर्कर्णातील द्रवाचा दाब कमी व्हावा म्हणून अंतर्लसिका-कोश मोकळा करतात. जॉर्ज पोर्टमन यांनी १९२० च्या दशकात तिचा पाया घातला. श्रवणशक्ती राखणे हा तिचा हेतू असतो. दुसऱ्या प्रकारात दोषी कानाकडून मेंदूकडे जाणारे संतुलनाचे संदेशच थांबवले जातात. संतुलन-चेता छेदल्यास श्रवण वाचू शकते, परंतु त्यासाठी कवटी उघडावी लागते. संतुलनेंद्रियच काढून टाकल्यास चक्कर बहुधा थांबते. मात्र त्या कानाची उरलीसुरली श्रवणशक्तीही जाते.

पुराव्याची चिकित्सा :
१९८१ मध्ये डेन्मार्कमधील थॉमसन व सहकाऱ्यांनी ३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १५ रुग्णांवर कोशाची शस्त्रक्रिया झाली. उरलेल्या १५ जणांचे केवळ कानामागील हाड कोरण्यात आले. आराम मात्र दोन्ही गटांना पडला, आणि दोहोंत लक्षणीय फरक नाही असे संशोधकांचे मत झाले. २००० मध्ये वेलिंग व नागराज यांनी त्याच आकडेवारीचे पुनर्विश्लेषण करून या मताला आव्हान दिले. इतक्या लहान अभ्यासावरून वाद मिटणे कठीणच होते.

येथे व्याधीचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागतो. ती कधी बळावते, कधी आपोआप ओसरते. त्रास शिगेला पोहोचल्यावरच रुग्ण शस्त्रक्रियेस तयार होतो; त्यानंतरचा उतार शस्त्रक्रियेचा की काळाचा, हे केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या तुलनेने ठरत नाही.

निष्कर्ष :
दोन्ही प्रकारांना एकच निकष लावणे योग्य नव्हे. पहिल्या प्रकारात शंका लाभाविषयी आहे, तर दुसऱ्यात ती मोजाव्या लागणाऱ्या किमतीविषयी आहे. पुढे दुसरा कानही व्याधिग्रस्त झाल्यास गमावलेल्या श्रवणाची भरपाई सहज होत नाही. म्हणून ‘गुण आला’ एवढ्यावर न थांबता, काय मिळाले आणि त्यासाठी काय गेले, हे दोन्ही रुग्णापुढे आधीच स्पष्टपणे मांडले जाणे अगत्याचे आहे.