‘प्राथमिक’ म्हणजे नक्की काय? किडनीतल्या लिम्फोमाचे केस रिपोर्ट वाचताना

किडनीतच सुरू होणाऱ्या लिम्फोमावरचे चार केस रिपोर्ट ओळीने वाचलेत, तर पाचव्याची सुरुवात न वाचताच सांगता येते. आजार अत्यंत दुर्मिळ, लसिका ग्रंथींबाहेरच्या लिम्फोमांत एक टक्क्याहून कमी, वगैरे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही असे रिपोर्ट जमवून तक्ता केला होता: वय, कोणती किडनी, उपचार, पुढे काय झालं. जर्नल क्लबात एका सीनिअर ताईंनी एवढंच विचारलं, "यातल्या किती जणांचा पेट स्कॅन झाला होता?" तक्त्यात तो रकानाच नव्हता.

खरी गोम तिथेच आहे. किडनीच्या ऊतीत एरवी लसिका ऊती नसतेच, मग लिम्फोमा तिथे सुरू कसा होईल? माल्ब्रेन आणि सहकाऱ्यांनी 1994 च्या लेखाच्या शीर्षकातच विचारलं की असा आजार खरंच असतो का. 2000 साली स्तालोने आणि सहकाऱ्यांनी शीर्षकातूनच उत्तर दिलं: असतो. (शीर्षकांची अशी जुगलबंदी क्वचितच बघायला मिळते!) किडनीच्या आवरणातल्या लसिकावाहिन्या, किंवा जुन्या दाहामुळे तिथे जमलेल्या लिम्फोसाइट पेशी, असे अंदाज मांडले जातात. पण ते अंदाजच.

आता व्याख्या बघा. निदानाच्या वेळी आजार शरीरात दुसरीकडे कुठेच नसला, तर तो ‘प्राथमिक’. पण ‘कुठेच नाही’ म्हणजे ‘शोधलं तिथे सापडला नाही’. सीटी येण्याआधी ज्याला प्राथमिक म्हटलं, तोच रुग्ण आज पेट-सीटी आणि अस्थिमज्जा तपासल्यावर दुय्यम ठरू शकतो. आणि दुय्यम प्रकार अजिबात दुर्मिळ नाही. 1962 च्या एका शवविच्छेदन मालिकेत लिम्फोमाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या किडनीत आजार पोचलेला होता. पेटलाही मर्यादा आहे. त्यातलं किरणोत्सारी ग्लुकोज लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी तशीही चमकते. म्हणजे इतरत्र शोधायला पेट उपयोगी, पण खुद्द किडनीत जपून वाचायचा.

निकषांच्या एका यादीत तर ‘उपचारानंतर किडनीचं काम झपाट्याने सुधारणं’ हाही निकष आहे. मला हे पटत नाही. उपचाराचा परिणाम निदानाच्या व्याख्येत घातला, की ज्यांना गुण आला नाही ते व्याख्येतूनच बाहेर. मग ‘हा आजार उपचारांना चांगला प्रतिसाद देतो’ या निष्कर्षाला अर्थ काय उरला?

मला सगळ्यात जास्त खटकतो तो नेफ्रेक्टॉमीचा परिच्छेद. एकाच किडनीत गाठ, स्कॅनवर किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरसारखी, म्हणून किडनी काढली; मग पॅथॉलॉजीत डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा निघाला. हाच प्रकार जास्त आढळतो, आणि त्याचा मुख्य उपचार आर-चॉपसारखी केमोथेरपी. आधी बायोप्सी केली असती तर किडनी वाचली असती का? बहुतेक रिपोर्ट हा प्रश्न विचारतच नाहीत. ‘रुग्ण बरा आहे’ म्हणून पुढे जातात. एक किडनी गेली, हे चर्चेत येतच नाही.

केस रिपोर्ट टाकाऊ आहेत असं नाही हं. अमेरिकेच्या सीअर रजिस्ट्रीत आकडे मोठे मिळतात, पण कोणता स्कॅन कधी झाला हे तिथे कळत नाही. ते केस रिपोर्टमध्येच सापडतं, लेखकाने लिहिलं असेल तर. दुसरीकडे, लिम्फोमा मेंदूत परतण्याचा धोका मोजणारा 2016 चा सीएनएस-आयपीआय हा निर्देशांक किडनी किंवा अधिवृक्क ग्रंथीत आजार आहे का, एवढंच विचारतो. सुरुवात कुठे झाली, याला तिथे गुण नाहीत.

माझ्या तक्त्यात आता पेटचा रकाना आहे, आणि ‘बायोप्सी आधी की किडनी आधी’ हाही. बरीच घरं रिकामी आहेत. तुम्ही असा तक्ता केलात तर त्या घरांत ‘नाही’ लिहू नका, ‘नोंद नाही’ लिहा. मी आधी ‘नाही’ लिहिलं होतं, आणि अख्खा तक्ता पुन्हा भरावा लागला.