एलएसओएफची एक ओळ

नवी सेवा सुरू होत नाही, कारण ८०८० हे पोर्ट आधीच कोणीतरी धरून बसलंय. अशा वेळी लिनक्सच्या टर्मिनलवर एलएसओएफ या कमांडला त्या पोर्टाबद्दल विचारलं की मथळ्याखाली अशी ओळ उमटते:

जावा २७१४ टॉमकॅट ४५यू आयपीव्ही६ ३८१२१ ०टी० टीसीपी *:८०८० (लिसन)

घाईतला माणूस यातला २७१४ हा प्रोसेस क्रमांक तेवढा उचलतो आणि किल करून मोकळा होतो. ओळ मात्र त्याहून बरंच काही सांगते.

पर्ड्यू विद्यापीठाच्या संगणक केंद्रातल्या विक्टर एबेल यांनी लिहिलेल्या या कमांडचं काम उघड्या फायलींची यादी देणं. मग तिला पोर्टाशी काय देणंघेणं? युनिक्समध्ये प्रोसेसच्या लेखी सॉकेटही उघडलेल्या फायलीसारखंच. त्यालाही फाइल डिस्क्रिप्टर मिळतो. ‘४५यू’ म्हणजे ४५ क्रमांकाचा डिस्क्रिप्टर, वाचायला आणि लिहायलाही उघडा.

खरी गंमत पुढच्या रकान्यांत आहे. तक्ता आखलेला फायलींसाठी. सॉकेटला ना आकार, ना डिस्कवर जागा. तरी पंगतीत आयत्या वेळी आलेल्या पाहुण्याचंही पान मांडावं, तसा एकेक रकाना भरलेला. आकाराच्या जागी ‘०टी०’: ऑफसेट शून्य, आणि आकडा दशमान आहे हे कळावं म्हणून ‘०टी’. फायलीचा आयनोड क्रमांक जिथे यायचा, तिथे ‘टीसीपी’. ही ओढाताण मला कुरूप वाटत नाही. उलट एक कल्पना शेवटपर्यंत निभावण्याचा हट्ट तीत दिसतो.

आणि ती चांदणी! ‘*:८०८०’ म्हणजे मशीनच्या प्रत्येक नेटवर्क पत्त्यावर दार उघडं. तिथे १२७.०.०.१ असतं, तर सेवा फक्त त्याच मशीनपुरती. डेटाबेसच्या ३३०६ किंवा ५४३२ पोर्टापुढे अशी चांदणी दिसली, तर आधी फायरवॉल तपासावी.

स्वभावाने ही कमांड थोडी तिरपागडी आहे. युजर आणि नेटवर्क अशा दोन अटी दिल्या, तर दोन्ही पाळणाऱ्या ओळी येतील असं वाटतं. येतात त्या कुठलीही एक पाळणाऱ्या. ‘आणि’ हवं असेल तर वेगळा ‘-ए’ लावा. सुडोशिवाय विचारलं, तर दुसऱ्याची प्रोसेस गुपचूप गाळली जाते. रिकामं उत्तर पाहून पोर्ट मोकळं आहे असं समजू नये. नुसती सॉकेट्स बघायची तर ‘एसएस’ ही कमांड जास्त चपळ आहे, हेही मान्य.

पण लॉग पुसूनही डिस्क भरलेलीच राहते, तेव्हा एसएसचा उपयोग नाही. एलएसओएफला ‘+एल१’ द्यावं: नाव पुसलेली, तरी एखाद्या प्रोसेसने उघडी धरलेली फाइल त्या प्रोसेसच्या क्रमांकासकट समोर येते. त्या प्रोसेसने ती सोडली की जागा परत मिळते.