काताचे अर्थनिर्णयन : ‘उके’, ‘हिकिते’ आणि ‘डाव–तोड’

कराटेतील काता म्हणजे प्रतिस्पर्धी समोर नसताना एकट्याने, ठराविक क्रमाने करावयाची हालचालींची मालिका. त्यातील प्रत्येक हालचालीचा प्रत्यक्ष झटापटीत उपयोग काय, हे उलगडून सांगण्याच्या पद्धतीस जपानी भाषेत ‘बुन्काई’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ पृथक्करण असा आहे. आत्मरक्षणाच्या दृष्टीने बुन्काईचे महत्त्व उघड आहे. परंतु एखाद्या हालचालीचा अमुकच अर्थ कोणत्या प्रमाणावरून स्वीकारावयाचा, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः रूप टिकले आणि संदर्भ हरवला असता अर्थ कसा ठरवावा, हा भाषाभ्यासाचा जुनाच प्रश्न येथे निराळ्या वेषात उभा राहिला आहे.

हा संदर्भ हरवण्यास शालेय प्रसार बऱ्याच अंशी कारण झाला. ओकिनावातील इतोसु आंको (१८३१–१९१५) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही विद्या शाळांत आणली आणि ‘पिनान’ नावाचे पाच काता-प्रकार रूढ केले. त्यांच्या १९०८ च्या दहा कलमी पत्रात या विद्येचा हेतू स्पष्ट आहे : एका प्रतिस्पर्ध्याशी सामना खेळणे हा तो नव्हे, तर दुष्टाशी अवचित गाठ पडली असता स्वतःचा बचाव करणे हा होय. धरपकडीच्या कृतींविषयीचे पुष्कळसे ज्ञान मौखिक आहे, असेही तेथे नमूद आहे. रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना हालचाल दाखविता येते. मौखिक भाष्य एकेकट्याला द्यावे लागते. १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी तोक्योत या विद्येचे प्रात्यक्षिक केले. पुढे पिनानचे ‘हेइआन’ आणि नाइहान्चीचे ‘तेक्की’ झाले. रूपाने प्रवास केला. भाष्य मागे राहिले.

परिभाषेच्या भाषांतराने या हानीत भर घातली. ‘उके’ हा शब्द ‘उकेरु’ या क्रियापदापासून आला असून त्याचा अर्थ स्वीकारणे, घेणे असा आहे. इंग्रजीने त्यास ‘ब्लॉक’ म्हटले आणि आपल्याकडील प्रशिक्षणवर्गांनीही तोच शब्द उचलला. अडवणे आणि झेलणे या दोन मराठी क्रियापदांतील अंतर लक्षात घेतले, म्हणजे काय निसटले ते कळते. अडवल्याने आघात थांबतो आणि कृती तेथेच संपते. झेललेली वस्तू हाती राहते आणि पुढील कृतीस वाव मिळतो. ‘हिकिते’ची गतही हीच. या शब्दाचा अर्थ ‘ओढणारा हात’. कातात कमरेकडे खेचली जाणारी ही मूठ केवळ ऐट अथवा जोर आणण्यासाठी आहे, असे वारंवार सांगितले जाते. प्रतिस्पर्ध्याचा हात पकडून त्याचा तोल जाईल असा ओढणे, हा अर्थ मात्र नावातच शिल्लक आहे.

याच्या उलट टोकाचा दोषही तितकाच गंभीर आहे. ‘ब्लॉक’ या अर्थाने असमाधानी झालेले काही भाष्यकार प्रत्येक हालचालीत गूढ सांधेमोड वा मर्माघात शोधतात. ही लोकव्युत्पत्तीच होय. ध्वनिसाम्यावरून शब्दाचे मूळ सांगणे जितके सोपे, तितकेच आकारसाम्यावरून हालचालीचा उपयोग सांगणेही सोपे. म्हणून अर्थ स्वीकारण्यापूर्वी तीन कसोट्या लावणे इष्ट ठरते. त्या अर्थाने दोन्ही हातांच्या कार्याचा उलगडा व्हावा. कातातील पुढच्या हालचालीशी त्याची संगती लागावी. आणि मनगट, केस वा वस्त्र धरण्यासारख्या नित्याच्या हल्ल्यास, प्रतिकार करणाऱ्या माणसावर, तो लागू पडावा. मोतोबु चोकी यांनी १९२६ च्या आपल्या पुस्तकात जवळच्या अंतरावरील जोडीची झटापट छायाचित्रांनी दाखविली, तिचे मोल या तिसऱ्या कसोटीमुळेच आहे.

मराठी कुस्तीची परिभाषा येथे उद्बोधक ठरते. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र विवेचन आहे. म्हणजे दख्खनच्या या भागास मल्लविद्येच्या शास्त्रीय मांडणीची परंपरा जुनी आहे. आजही आखाड्यात ‘डाव’ उच्चारताच त्याची ‘तोड’ अपेक्षित असते. ‘धोबीपछाड’ हे नाव एकट्याच्या हाताची ठेवण सांगत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या देहाचे काय होते, ते सांगते. कुस्तीही नियमबद्ध खेळच आहे, त्यामुळे तिला आत्मरक्षणाची जागा देता येणार नाही. परंतु तिच्या नावांत दोन देह कायम राहिले, कारण तिच्या शिक्षणात ते कायम राहिले.

या चर्चेचे व्यावहारिक महत्त्व दूरचे नाही. समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांच्या आत्मरक्षा-प्रशिक्षणाची तरतूद आहे, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील शाळाही तिच्या कक्षेत येतात. तीन महिन्यांत संपूर्ण काता घोटून घेण्यापेक्षा त्यातील मोजक्या हालचाली जोडीने, खऱ्या पकडीविरुद्ध, ‘झेल’, ‘ओढ’, ‘तोड’ अशा परिचित शब्दांनी शिकविणे अधिक सयुक्तिक होय. अन्यथा वसमत वा सेनगावच्या शाळेतील मुलगी समारंभात काता निर्दोष करून दाखवील. परंतु कोणी मनगट धरले असता, कमरेशी नेलेली ती मूठ याच प्रसंगासाठी होती, हे तिला ठाऊक नसेल.