माक्स शेलरची मूल्यश्रेणी : एक आक्षेप

वस्तू आपणांस हवीशी वाटते म्हणून मूल्यवान ठरते, की ती मूल्यवान असते म्हणून हवीशी वाटावी? पहिला पक्ष घेणाऱ्यांना माक्स शेलर (१८७४-१९२८) याने १९१३ व १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात दिलेले उत्तर आजही भक्कम आहे. मूल्ये आपण निर्माण करीत नाही. डोळ्यांना जसे रंग, तशी ती भावनेला प्रत्यक्ष जाणवतात. त्यांतील उच्चनीचताही मूळचीच : सुखद, प्राणिक, आत्मिक आणि सर्वांत वर पवित्र. येथवर आमची तक्रार नाही.

अडचण आहे ती उंची मोजण्याच्या कसोट्यांत. जे विभागावे लागत नाही ते श्रेष्ठ, ही त्यांतील एक. कापडाच्या अर्ध्या तुकड्याचे मोल साधारण अर्धे; कलाकृतीचे तसे नाही. कापडाच्या जागी भाकर ठेवून पाहावी. दुष्काळात घासातला घास काढून दिलेल्या चतकोराचे मोल भाकरीच्या चौथाईच असते काय? शेलर म्हणेल, ते मोल भाकरीचे नव्हे, देण्याच्या कृतीचे. ठीक. परंतु त्याच्या मते नैतिक मूल्य कृतीच्या पाठीवर बसून येते. आपण चांगले ठरावे म्हणून चांगले करू जाणारा तो परूशी. मग दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेच्या निश्चयाला येथे स्थान कोणते? कारोल व्होइतिवा (पुढे पोप जॉन पॉल दुसरे) यांनी १९५३ सालच्या आपल्या प्रबंधात नेमके येथेच बोट ठेवले : शेलरचा मनुष्य मूल्ये अनुभवतो, पण स्वतःच्या कृतीचा कर्ता म्हणून उभा राहत नाही. या पायावर ख्रिस्ती नीतिशास्त्र उभारता येत नाही, शेलरची वर्णनपद्धती साहाय्यक असली तरी.

आमचा आक्षेप वेदीजवळचा आहे. मोडलेल्या प्रत्येक अंशात ख्रिस्त संपूर्ण असतो, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली शिकविले. पवित्र ते अविभाज्य, हे शेलरचे म्हणणे येथे खरेच ठरते, हे मान्य केले पाहिजे. पण ते येते खालच्या पायरीवरील वस्तूच्या रूपाने, आणि भाकर मोडूनच वाटले जाते. शिडीच्या चित्रात हे बसत नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात प्रस्तुत लेखकाने हा तक्ता एकदा फळ्यावर काढला होता. भाकर कोणत्या पायरीवर लिहू, असे एका मुलीने विचारले, तेव्हा तो पुसावा लागला.

ग्रंथ मात्र धर्मगुरूंनी अवश्य वाचावा, विशेषतः कांटच्या कर्तव्यवादाची चिकित्सा.