एकाच प्रतीची तबकडी : डबप्लेटची समीक्षा कशी करायची?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की समीक्षा गाण्याची असते, गायकाची असते. तबकडीची कसली समीक्षा? प्रश्न रास्त आहे. छापील तबकडी हजारांनी निघते. तिच्यावर जे संगीत आहे त्याबद्दल बोलावं आणि तबकडी कपाटात ठेवावी. पण आज आपण जिच्याबद्दल बोलणार आहोत ती एकच निघते. एका डीजेसाठी, कधी कधी एकाच रात्रीसाठी. तिला डबप्लेट म्हणतात. आमचं म्हणणं असं, की डबप्लेट कापणं हाच त्या संगीताविषयीचा एक निवाडा असतो. म्हणून तिची समीक्षा करता येते. आणि आज ती करायलाच हवी, कारण आता घरबसल्या फाईल पाठवली की कुणालाही अशी एक तबकडी कापून मिळते.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. ॲल्युमिनियमची चकती, तिच्यावर नायट्रोसेल्युलोजचा गुळगुळीत लेप. साधारण नेलपॉलिशच्या जातीचा म्हणा. याला लॅकर म्हणतात. ही चकती कापण्याच्या लेथवर फिरते आणि तापवलेली नीलमण्याची किंवा माणकाची सुई तिच्यात चर कापत जाते. निघालेला केसासारखा धागा नळीने ओढून घेतात. पाच मिनिटांचं संगीत कापायला पाच मिनिटं लागतात, त्यात घाई चालत नाही. नेहमीच्या तबकडीसाठी या लॅकरवर धातूचा मुलामा चढवून साचे काढतात आणि मग विनाइलच्या प्रती छापतात. डबप्लेटमध्ये पुढचं काही नाही. कापलेलं लॅकर उचलायचं आणि थेट क्लबात न्यायचं. ते मऊ असतं, त्यामुळे प्रत्येक वेळी सुई थोडं खरवडून नेते. काही डझन वेळा वाजवली की आधी वरचे स्वर बोथट होतात, मग खरखर वाढते. म्हणजे ती वाजते आणि वाजता वाजता संपते.

ही रीत जमैकात रुजली. आपल्याकडे वरातीत 'डीजे लावला' म्हणतात तेव्हा माणूस अभिप्रेत नसतो, स्पीकरची भिंत अभिप्रेत असते. किंग्स्टनमधली 'साउंड सिस्टिम' या अर्थाच्या बरीच जवळ आहे. दोन साउंड सिस्टिम समोरासमोर उभ्या राहायच्या आणि जनता ठरवायची कोण जिंकलं. आपला कलगी-तुऱ्याचा सामना आठवा. तिथे शाहीर समोरच्याला न सुटणारं कोडं घालायचा, इथे समोरच्याकडे नसलेलं गाणं वाजवायचे. ते गाणं म्हणजे डबप्लेट. पुढे तर गायकाकडून गाण्यात आपल्या साउंड सिस्टिमचं नाव गाऊन घ्यायची पद्धत पडली. तिला 'स्पेशल' म्हणतात. आपल्याकडच्या मिरवणुकीतल्या रीमिक्समध्ये मध्येच डीजेचं नाव पुकारतात ना, ते याच घराण्यातलं आहे. हसू नका, खरंच आहे.

आता एक प्रसंग सांगतो. १९६० च्या दशकाची अखेर. स्पॅनिश टाउनचा रडी रेडवूड नावाचा साउंड सिस्टिमवाला ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत पॅरागॉन्स या त्रिकुटाचं गाणं कापून घेत होता. कापणाऱ्या बायरन स्मिथकडून गायकांचा आवाज चढवायचा राहून गेला, नुसतं वाद्यसंगीत कापलं गेलं. रेडवूडने ती तबकडी टाकून दिली नाही. रात्री आधी गाण्याची प्रत वाजवली, मग ही बिनआवाजाची. आणि नाचणारे लोक स्वतःच गाऊ लागले. जमैकन संगीतात ज्याला 'व्हर्जन' म्हणतात, त्या प्रकाराच्या उगमाशी ही गोष्ट सांगितली जाते. पुढे ज्याने डबला कलेची उंची दिली तो किंग टबी, म्हणजे ऑस्बर्न रडक, मुळात विजेची उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. तोही याच ड्यूक रीडकडे तबकड्या कापायचा. म्हणजे बघा, स्टुडिओत वाजवणारे घरी गेल्यावर, कापण्याच्या खोलीत एक नवी कला आकाराला येत होती.

दुसरा प्रसंग न्यूयॉर्कचा. १९७० च्या दशकाच्या मध्यावर टॉम मोल्टन हा डिस्कोचा मिक्सर एक गाणं कापून घ्यायला गेला. कापणाऱ्या होजे रॉड्रिगेझकडचे सात इंची कोरे लॅकर संपले होते. म्हणून दहा इंची घेतलं. एवढ्या मोठ्या चकतीवर ते चिमूटभर चर विचित्र दिसले असते, म्हणून चर पसरून, आवाज वाढवून कापलं. वाजवल्यावर दोघांच्या लक्षात आलं, की हे भलतंच दणदणीत झालंय. पुढे डीजे मंडळींचा जो बारा इंची सिंगल जगभर गेला, त्याचं बीज इथे आहे. का दणदणीत झालं? आवाज जितका मोठा आणि खर्ज जितका खोल, तितका चर जास्त डोलतो, त्याला जागा जास्त लागते. जागा मिळाली की आवाज मिळतो. इतकं साधं आहे.

दोन्ही प्रसंगांत काय सारखं आहे? तबकडी कापताना वस्तूने अडवलं, आणि त्या अडवण्याला कुणीतरी कानाने उत्तर दिलं. आमच्या आजच्या म्हणण्याचा हाच गाभा आहे.

१९९० च्या दशकात लंडनमध्ये ही रीत जंगल आणि ड्रम अँड बेसवाल्यांनी उचलली. उत्तर लंडनच्या 'म्युझिक हाउस'मध्ये मुलं टेप घेऊन रांगेत बसायची. रात्री ट्रॅक संपवायचा, दुपारी कापायचा, रात्री वाजवायचा. रांगेतल्यांना एकमेकांचे ट्रॅक भिंतीपलीकडून ऐकू यायचे. पुढे डबस्टेपवाल्यांनी दक्षिण लंडनमधल्या 'ट्रान्झिशन'मध्ये हेच केलं. तिकडे बर्लिनमध्ये बेसिक चॅनलच्या मोरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी १९९५ मध्ये 'डबप्लेट्स अँड मास्टरिंग' ही कापण्याची खोलीच उभी केली. स्वतःचं संगीत कसं कापलं जातं हे इतरांवर सोपवायचं नाही, ही त्यामागची भूमिका आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

कापणारा नेमकं काय ऐकतो? थोडं तांत्रिक आहे, पण सोपं करून सांगतो. स्टीरिओ तबकडीत चराच्या दोन भिंतींवर डावा आणि उजवा असे दोन आवाज असतात. दोन्हीकडे सारखं असेल ते सुईला आडवं हलवतं. दोन्हींत जो फरक असेल तो सुईला वर-खाली हलवतो. आता खर्जाची लाट डावीकडे वर जात असताना उजवीकडे खाली जात असेल, तर सुई वर-खाली उसळते, चर उथळ होतो आणि वाजवताना सुई उडते. म्हणून खर्ज मधोमध ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट वेगाची. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीवर बाहेरच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकतो, आणि अगदी आतल्या टोकाला फक्त २१ च्या आसपास. तेवढ्याच लाटा निम्म्याहून कमी जागेत. म्हणून शेवटाकडे 'स', 'श' आणि झांजा फाटतात. ट्रॅकचा सगळ्यात झगझगीत भाग शेवटी ठेवला असेल, तर चांगला कापणारा विचारतो, अहो, हे इथे असायलाच हवं का?

आता स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी मिळून एक ट्रॅक केला आणि एका ऑनलाइन सेवेकडे एक प्रत कापायला दिली. फाईल चढवली, पैसे भरले, तबकडी सुबक कव्हरात घरी आली. सुई ठेवली आणि खर्ज गायब! आधी आम्ही मशीनला दोष दिला. मग कळलं, आमचा खर्ज दोन्ही बाजूंना उलटसुलट पसरवलेला होता. हेडफोनमध्ये भव्य वाटायचा. कापताना सुई उडू नये म्हणून तिकडे फिल्टर लावला होता, तो खालचे स्वर मधोमध एकत्र करतो. एकत्र केल्यावर दोन उलट लाटांनी एकमेकींना खाऊन टाकलं. चूक आमचीच होती. तक्रार एवढीच, की निवाडा झाला आणि तो आम्हाला कुणी सांगितला नाही. लंडनच्या त्या रांगेत बसलो असतो तर कापणाऱ्याने लेथ थांबवून म्हटलं असतं, घरी जा, खर्ज दुरुस्त करून आण. अपमान झाला असता, पण ट्रॅक सुधारला असता.

आजच्या धंद्यावर आमचा आक्षेप नेमका इथे आहे. जाहिरातीत काय विकतात? 'जगात एकच प्रत.' दुर्मिळता. पण डबप्लेटचं मोल दुर्मिळतेत होतं का? सामन्यापुरतं होतं, नाही असं नाही. पण आपल्या गोव्याकडे बघा. हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत ऊन आणि धुळीमुळे विनाइल टिकायचं नाही. तिथले डीजे आधी कॅसेट आणि मग डॅट टेप वापरायचे. प्रसिद्ध न झालेलं संगीत डॅटवर एकमेकांना प्रती करून द्यायचे. दुर्मिळ संगीत तिथेही होतं, तबकडी न कापता होतं. डॅटचा वेग बदलता यायचा नाही, त्यामुळे ठेक्याला ठेका जुळवणं जमायचं नाही; एक ट्रॅक विरत असताना दुसरा उगवायचा. गोवा ट्रान्सच्या लांबलचक, ठेका नसलेल्या सुरुवातींमागे हेही एक कारण आहे. म्हणजे तिथेही माध्यमाने अडवलं आणि संगीताने उत्तर दिलं. तेव्हा दुर्मिळता ही गौण गोष्ट. मोलाची गोष्ट ती अडचण आणि तिला दिलेलं उत्तर.

आता कुणी म्हणेल, हे जुन्याचं कौतुक आहे. म्हणू दे, पण दुसरी बाजूही आम्ही मांडतो. डबप्लेट महाग होती. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याचा ट्रॅक क्लबात पोचतच नव्हता. कापण्याच्या खोलीतली मंडळी आणि नावाजलेले डीजे मिळून दार अडवून बसले होते, आणि त्या दारात बायका फार कमी दिसायच्या. २००० नंतर सीडी वाजवणारी डीजे-यंत्रं आणि लॅपटॉप आले, मेमरी स्टिकवर हजार ट्रॅक मावू लागले. कित्येकांसाठी ही सुटका होती आणि ती आम्ही नाकारत नाही. शिवाय लॅकर ही ज्वालाग्राही चीज आहे. ६ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. तेव्हा जगभर लॅकर पुरवणाऱ्यांत मुख्य म्हणून जपानमधली एक कंपनी तेवढी उरली. इतक्या अरुंद पायावर कुणी संस्कृती उभी करू नये. आज अनेक जण लॅकरऐवजी टिकाऊ प्लास्टिकवर थेट कापतात, त्यामागे हेही कारण आहे. टिकाऊ कापण्याला आमचा विरोध नाही.

मग समीक्षा कशाची करायची? आम्ही तीन प्रश्न विचारतो. पहिला, कापण्यामुळे संगीतात काही बदललं का? खर्ज आवरला, लांबी कमी केली, एखादा भाग पुढे-मागे केला, काही तरी. आपल्या ७८ च्या काळातल्या गवयांना तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडावा लागला. त्यातल्या थोरांनी ख्याल कात्रीने कापला नाही, तीन मिनिटांचा वेगळा विचार केला. तो विचार तबकडीत आजही ऐकू येतो. दुसरा प्रश्न, ती तबकडी लोकांपुढे वाजली का? भिंतीवर टांगलेली डबप्लेट ही न पाठवलेल्या पत्रासारखी आहे. आणि तिसरा, वाजल्यावर निर्माता पुन्हा कामाला बसला का? लंडनमधल्या कित्येक ट्रॅकची छापील आवृत्ती पहिल्या डबप्लेटपेक्षा वेगळी निघाली, कारण मध्ये नाचणाऱ्या लोकांचा अभिप्राय होता.

या तीन प्रश्नांना 'हो' म्हणणारी तबकडी प्लास्टिकची असो, लॅकरची असो, आम्ही तिला डबप्लेट म्हणू. तिन्हींना 'नाही' असेल तर ती भेटवस्तू आहे. भेटवस्तू वाईट नसते. मित्राच्या लग्नात जरूर द्यावी. फक्त तिला कसोटीचा मान देऊ नये.

आणि कापून घेणाऱ्या तरुण मंडळींना आमची एक व्यवहारी विनंती. फाईल पाठवण्याआधी कापणाऱ्याला फोन करा. विचारा, खर्ज कुठून खाली मोनो करणार? एका बाजूला किती मिनिटं बसवणार? ट्रॅक ऐकून काही खटकलं तर कळवणार का? उत्तर देणारा माणूस भेटला तर चार पैसे जास्त गेले तरी तिथेच जा. तुमचा ट्रॅक तुमच्या खोलीबाहेर ऐकणारा तो पहिला माणूस असेल, आणि पहिला श्रोता फुकट मिळत नसतो.

वेळ संपत आली. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी स्वतः तबकडी कापून घेतली आहे त्यांनी आधी बोलावं. आमच्यासारखी फजिती झाली असेल तर तीही न लाजता सांगावी.